फिरत्या कृष्णविवराकडून लहर वाढून परत येते ती कशी?

प्रश्न : कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, असे आपण नेहमी वाचतो. मग फिरत्या कृष्णविवरावर आदळलेली लहर मूळच्यापेक्षा प्रबळ होऊन परतते, हे खरे कसे मानावे? विद्युतभारित कृष्णविवराबाबतही असेच घडते का?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण परतणारी लहर घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून काहीच बाहेर येऊ शकत नाही त्या सीमेच्या, आतून येतच नाही. (‘आदळलेली’ हा शब्दही थोडा फसवा आहे, तेथे भिंत नसते.) येणाऱ्या लहरीचा काही भाग क्षितिजाच्या आत जातो आणि उरलेला बाहेरच्या बाहेर विखुरतो. कृष्णविवर फिरत नसेल, तर आत गेलेली ऊर्जा परतणाऱ्या लहरीतून वजा होते, एवढाच हिशेब असतो.

फिरत्या कृष्णविवरापाशी मात्र हा हिशेब उलटू शकतो. ते समजून घेण्यासाठी सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९७१ मध्ये मांडलेले धातूच्या फिरत्या दंडगोलाचे उदाहरण मला सर्वांत सोयीचे वाटते. दंडगोलाच्या अक्षाभोवती फिरणाऱ्या लहरीची शिखरे त्याच्या पृष्ठभागापेक्षा वेगाने पुढे जात असतील, तर धातू लहरीची ऊर्जा शोषतो. पण पृष्ठभागच शिखरांना मागे टाकत असेल, तर शोषणाचे चिन्ह बदलते आणि दंडगोल आपल्या फिरण्यातली ऊर्जा लहरीला देऊ लागतो. कृष्णविवरात धातूची जागा क्षितिज घेते. त्याच्या लगतचा अवकाशच असा ओढला जात असतो की, दूरच्या निरीक्षकाच्या मोजणीनुसार तेथे ऋण ऊर्जा असणे शक्य होते. लहरीचा गिळला गेलेला भाग ही ऋण ऊर्जा आत नेतो, तेवढीच भर बाहेरच्या भागात पडते आणि कृष्णविवराचे फिरणे किंचित मंदावते. या परिणामाला ‘सुपररेडिअन्स’ म्हणतात.

अर्थात, प्रत्येक लहरीला हा लाभ मिळत नाही. सूर्याच्या १० पट वस्तुमानाचे कृष्णविवर कमाल वेगाने फिरत असेल, तर त्याचे क्षितिज सेकंदाला सुमारे १६०० फेऱ्या घेते. त्याच दिशेने फिरणाऱ्या आणि अक्षाभोवती दोन शिखरे असलेल्या गुरुत्वीय लहरीची (म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगाची) वारंवारिता सुमारे ३२०० हर्ट्झपेक्षा कमी असेल, तरच ती वाढून परतेल. ही वाढही लहरीच्या जातीवर अवलंबून असते : विद्युतचुंबकीय लहरीच्या ऊर्जेत ती जास्तीत जास्त ४.४ टक्के, तर गुरुत्वीय लहरीच्या ऊर्जेत तब्बल १३८ टक्क्यांपर्यंत जाते.

विद्युतभारित पण न फिरणाऱ्या कृष्णविवरात ऊर्जेचा साठा विद्युतक्षेत्रात असतो. त्यामुळे केवळ त्याच्याच चिन्हाचा भार वाहणाऱ्या क्षेत्राच्या, पुरेशा कमी वारंवारितेच्या लहरी तेथे प्रबळ होतात. प्रकाशाला भार नसल्याने त्याला हा लाभ मिळत नाही. मात्र अशा कृष्णविवराजवळ विद्युतचुंबकीय आणि गुरुत्वीय लहरी परस्परांत मिसळतात, म्हणून येताना निव्वळ प्रकाश असलेल्या लहरीचा काही अंश परतताना गुरुत्वीय लहर झालेला असतो.