वाचकांचे प्रश्न : जुना टिन कटर ठेवावा का?

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघराच्या खणात सासूबाईंच्या काळापासूनचे दोन टिन कटर आहेत. एक लाकडी मुठीचा आणि टोकदार पात्याचा, तर दुसरा दोन दांड्यांचा, चावी फिरवून चालणारा. हल्ली बहुतेक डब्यांना ओढायची कडी असते, म्हणून सूनबाईंच्या मते हे दोन्ही भंगारात द्यावेत. मला मात्र ते टाकवत नाहीत. आजच्या स्वयंपाकघरात त्यांचा खरोखर काही उपयोग उरला आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सूनबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. किराणा दुकानातल्या लहान डब्यांवर आता कडी दिसते आणि अनेक पदार्थ तर डबा सोडून पाउचमध्ये किंवा टेट्रापॅकमध्ये गेले आहेत. तरीही माझा सल्ला असा, की टोकदार पात्याचा कटर मुळीच टाकू नये आणि चावीचा कटर तपासून पाहून मगच निर्णय घ्यावा.

कडी असलेल्या डब्याच्या झाकणावर काठालगत एक उथळ खाच असते. तिथला पत्रा पातळ केलेला असतो आणि कडी उचलून ओढली की झाकण त्या खाचेवर फाटत जाते. ही रचना सोयीची आहे, पण तिचा सगळा भार कडी जिथे जोडलेली असते त्या एका लहानशा गुंडीवर पडतो. कडी तिरकी ओढली गेली की ती मुळातून तुटते, आणि मग हातात कडी व समोर बंद डबा अशी स्थिती होते. अशा वेळी अनेकजण सुरी किंवा पेचकस घेऊन डब्याशी झटापट करतात आणि हात कापून घेतात. डबा उलटा करून तळ कापावा म्हटले, तर माशांच्या डब्यांसारख्या बसक्या डब्यांमध्ये तळ आणि भिंत एकाच पत्र्यातून ओढून काढलेली असल्याने खालच्या बाजूला उभा काठच नसतो आणि चाकाच्या कटरला पकडायला काही मिळत नाही. वरच्या बाजूला काठ असतो, पण कडीचे झाकण काहीसे खोल बसवलेले असल्यामुळे चाक तिथेही कधी कधी घसरते. टोकदार पाते मात्र त्या खोलीपर्यंत सहज पोहोचते.

शिवाय ज्या डब्यांना कडी नसतेच असे पुष्कळ डबे आजही घरात येतात. समारंभासाठी आणलेला आमरसाचा 3.1 किलोचा डबा, अननसाच्या चकत्यांचे आणि मशरूमचे काही डबे, परदेशातून कोणी आणलेले खाद्यपदार्थ, ही त्यातली नेहमीची उदाहरणे. चौकोनी किंवा लंबगोल डब्यांच्या बाबतीत तर चाकाचा कटर कोपऱ्यावर येऊन अडतो, तिथे साधे पातेच कामाला येते. गोड्या तेलाच्या 15 किलोच्या डब्याला प्लॅस्टिकचे बूच नसेल, तर बरेच लोक हातोडी आणि खिळा शोधतात. त्याऐवजी कटरच्या टोकाने एका कोपऱ्यात ओतण्यासाठी आणि समोरच्या कोपऱ्यात हवेसाठी अशी दोन भोके पाडली, की तेल गचके न खाता सरळ धारेने पडते. हवेचे भोक पाडायला बरेचजण विसरतात आणि मग तेल ओट्यावर उडते.

डब्याचा आणि कटरचा इतिहासही या जुन्या अवजाराची बाजू घेतो. पीटर ड्युरंड यांना इंग्लंडमध्ये 1810 साली टिनच्या डब्याचे पेटंट मिळाले आणि 1813 च्या सुमारास लंडनच्या बर्मंडसी भागात ब्रायन डॉन्किन व जॉन हॉल यांच्या कारखान्यात डबे तयार होऊ लागले. ते डबे इतक्या जाड लोखंडाचे होते, की छिन्नी आणि हातोडीने कापून उघडावेत अशीच सूचना त्यांच्यासोबत असे. पत्रा पातळ होत गेला तेव्हा कुठे हाताने कापणारे अवजार शक्य झाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट येट्स यांचा नखीसारख्या पात्याचा कटर 1855 चा, अमेरिकेत एझ्रा वॉर्नर यांचे पेटंट 1858 चे, आणि गोल फिरणाऱ्या चाकाचा विल्यम लायमन यांचा कटर 1870 चा. काठाला खालून पकडून डबा पुढे सरकवणारे दातेरी चाक 1925 मध्ये आले आणि आपल्याकडच्या दोन दांड्यांच्या कटरचे रूप तिथून जवळपास ठरून गेले. ओढायच्या कडीचे अर्मल फ्रेझ यांचे पेटंट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1963 मध्ये आले. इतक्या काळात टोकदार पात्याच्या कटरमध्ये फारसा बदल करावा लागला नाही, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नाही. त्याला दाते, स्प्रिंग, बॅटरी यांतले काहीच नसते. पाते कडक पोलादाचे असेल आणि मुठीत घट्ट बसलेले असेल, तर तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल.

आता तो वापरायचा कसा, हे थोडे सविस्तर सांगते, कारण लोकांना या कटरची भीती वाटते ती चुकीच्या पद्धतीमुळे. डब्याचे झाकण आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, गोदामातली धूळ त्यावर असतेच. डबा घडी घातलेल्या ओल्या कापडावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. पात्याचे टोक काठाच्या आत, अगदी लगत ठेवून मुठीवर तळहाताने एकच ठाम दाब द्यावा. टोक आत गेले की कटरचा खोबणीचा भाग काठावर टेकतो आणि त्याच आधारावर मूठ वर-खाली करायची असते. खरी मेख इथेच आहे: मोठमोठे हिसके देऊ नयेत. लहान लहान हेलकाव्यांनी, पाते बाहेर न काढता पुढे सरकत गेले, तर कडा बरीच सारखी येते, आणि घाईने लांब कापत गेले तर करवतीसारखे दाते उभे राहतात. पूर्ण फेरी कधीच मारू नये. बोटभर भाग कापायचा ठेवून झाकण काट्याच्या टोकाने वर वळवावे, म्हणजे ते पदार्थात पडत नाही.

चावीच्या कटरबद्दल एवढेच, की काठावर लावून चावी फिरवताना चाक जागीच घसरत असेल किंवा दोन दांड्यांमधली पकड ढिली झाली असेल, तर तो खुशाल द्यावा. झिजलेले चाक पत्रा कापत नाही, चुरडते, आणि त्याचे कण पदार्थात पडतात. चांगला असेल तर रोजच्या गोल डब्यांसाठी दोहोंपैकी तोच अधिक सोयीचा, यात शंका नाही.

प्रश्न : मला संधिवात आहे. बोटांनी कडी उचलता येत नाही आणि चावीचा कटर फिरवला की मनगट दुखते. विजेवर चालणारा ओपनर घ्यावा का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : निरोगी हाताच्या माणसाला मी विजेचा ओपनर कधीच सुचवणार नाही. महिन्याकाठी दोन-तीन डबे उघडण्यासाठी ओट्यावरची जागा अडवणे मला पटत नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे. दुखऱ्या बोटांना तो खरोखर आराम देतो आणि त्यावर खर्च करण्यात संकोच बाळगू नये. मात्र तो नेहमीच्या आकाराच्या गोल डब्यांपुरताच चालतो, फार मोठे किंवा चौकोनी डबे त्याच्याने उघडत नाहीत, हे विकत घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. हातानेच उघडायचे असेल, तर लांब दांड्यांचा आणि मोठ्या, जाड चावीचा कटर पाहावा, कारण चावी जितकी लहान तितका बोटांवरचा ताण जास्त. टोकदार पात्याचा कटर तुम्ही वापरू नये, त्याला मनगटाचा जोर लागतो.

कडीच्या डब्यासाठी एक साधा उपाय आहे. कडीखाली चमच्याचा दांडा सरकवून तिला उभी करावी, खाच फुटल्याचा आवाज आला की तोच दांडा कडीत अडकवून हळूहळू मागे ओढावा. बोटांऐवजी पूर्ण मुठीने जोर लावता येतो, त्यामुळे पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सणावाराला हापूसच्या रसाचा 850 ग्रॅमचा डबा आणतो. कटरने उघडल्यावर रसात पत्र्याचे बारीक कण दिसतात आणि कापलेल्या कडेने बोट कापते. यावर उपाय काय? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : बारीक कण मुख्यतः दोन कारणांनी पडतात. एक म्हणजे बोथट चाक, आणि दुसरे म्हणजे फेरी पूर्ण झाल्यावर कापलेल्या जागेवरूनच चाक पुन्हा पुढे नेणे. सुरुवात आणि शेवट जिथे एकमेकांवर चढतात तिथे पत्र्याची केसासारखी चिरफळी सुटते आणि तीच रसात जाते. म्हणून फेरी पुरी होण्याआधी थांबावे आणि झाकण वर वळवावे. तरीही शंका असली, तर रस गाळणीतून काढून घ्यावा.

तुमच्याकडे बाजूने कापणारा ओपनर सहज मिळेल आणि तुमच्या अडचणीला तो सर्वांत योग्य आहे. झाकण आणि डब्याची भिंत ही एकमेकांत दुमडून काठ तयार होतो. नेहमीचा कटर झाकणाचा पत्रा काठाच्या आतून कापतो, तर हा ओपनर काठाची बाहेरची दुमड कापतो, त्यामुळे झाकण सबंध सुटे होते. कापणारे चाक रसाला लागत नाही आणि झाकणाची वा डब्याची कडा धारदार राहत नाही. काठ चेमटलेला असेल तर मात्र तो नीट चालत नाही. सुटे झालेले झाकण परत वर ठेवता येते म्हणून रस डब्यातच ठेवण्याचा मोह होईल, पण तसे करू नये. झाकण हवाबंद राहत नाही, आणि आंबट पदार्थ उघड्या डब्यात राहिला की डब्याचा धातू त्यात उतरून चव बिघडते. उरलेला रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा.

एक सूचना सर्वच वाचकांसाठी. ज्या डब्याचे झाकण किंवा तळ फुगलेला आहे, जो काठाच्या जोडावर चेमटला आहे किंवा गळतो आहे, तो कोणत्याही कटरने उघडू नये आणि चव घेऊन पाहण्याचा विचारही करू नये. बोट्युलिझम म्हणजे बिघडलेल्या डबाबंद अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा; तिचे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या कटरला गंज चढला आहे आणि चाकावर काळपट थर बसला आहे. तो साफ होईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वरवरचा गंज असेल तर होईल. कटर गरम पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवावा, मग जुन्या टूथब्रशने चाक आणि दात्यांच्या फटी घासाव्यात. तो काळा थर म्हणजे बहुतेक वेळा आधीच्या डब्यांमधले वाळलेले अन्नच असते, आणि तेच पुढच्या डब्यात जाते. कटर सुरीइतकाच अन्नाला लागतो, तरी सुरी रोज धुणारे घरही कटर नुसता पुसून खणात टाकते, याचे मला फार वाईट वाटते. दर वापरानंतर साबणाने धुवावा, फडक्याने टिपून पूर्ण कोरडा करावा आणि चाकाच्या खिळ्यावर खाद्यतेलाचा एक थेंब सोडावा. यंत्राचे तेल वापरू नये. पात्याला गंजाने खड्डे पडले असतील, तर घासून उपयोग नाही, नवा घ्यावा.