पहिले दहा चाकू विकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विस्कॉन्सिनमध्ये राहता, दीड वर्षापासून गॅरेजमध्ये चाकू बनवताय, ऑफिसातले शिकारी मित्र मागे लागलेत. नोव्हेंबरच्या हरणांच्या सीझनआधी विक्री सुरू करायची आहे, तर पोलाद कुठलं घ्यावं आणि किंमत किती लावावी? आणि जाता जाता लिहिलंय की एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आहात. मला आधी तेच दिसलं.

एच-वन-बीवर ज्या कंपनीने तुमचा अर्ज केला तिच्यापुरतंच काम करता येतं. स्वतःच्या हातचा माल विकणं हा स्वयंरोजगार झाला. ‘नफा घेत नाही, फक्त साहित्याचे पैसे घेतो’ हे उत्तर पॉटलकला ठीक आहे, ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत द्यायची माझी तरी हिंमत झाली नसती. एखाद्या इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी देऊन विचारा. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत एकही चाकू विकला नाही. सगळे वाटले. तेव्हा चडफडायचो, पण जे काही शिकलो ते त्या फुकटच्या चाकूंमुळेच. पैसे मोजलेला माणूस वस्तू आवडली नाही तर गप्प बसतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातो. फुकट मिळालेला दोस्त मात्र तोंडावर सांगतो, ‘अरे, हे हातात नीट बसत नाही.’

मी सांगलीकडचा, घरात अंडंसुद्धा न शिजलेला. इथे एका सहकाऱ्याला चाकू दिला आणि त्याच्या आग्रहावरून नऊ दिवसांच्या गन-सीझनमध्ये त्याच्या कॅम्पवर गेलो. बाहेर उणे आठ, संध्याकाळ उतरलेली, मी टॉर्च धरून उभा आणि तो माझ्याच चाकूने हरीण साफ करतोय. मूठ मी आरशासारखी चकचकीत केली होती. रक्त आणि चरबी लागल्यावर ती साबणाच्या वडीसारखी निसटायला लागली. त्याने निमूटपणे खिशातून तीस डॉलरचा, रबरी मुठीचा कारखान्यातला चाकू काढला आणि काम संपवलं. त्या रात्री तिथल्या कोणी मला एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं. तेव्हापासून मूठ घासणं 220 किंवा फार तर 400 ग्रिटच्या सँडपेपरवर थांबवतो, पोटाशी थोडी फुगीर ठेवतो आणि हातमोजा घालून धरून बघतो.

आता आकार. तुम्ही टाकलेल्या फोटोतलं पातं सात इंची आहे. दिसतं झकास, पण हरणासाठी ते अवजड. साडेतीन-चार इंच पुरे, जाडी 3 मिलिमीटरच्या आसपास. टोक पाठीच्या रेषेपेक्षा खाली उतरलेलं हवं, म्हणजे ड्रॉप पॉइंट. पोट उघडताना टोक वर असलं तर ते आतड्यात घुसतं आणि मांस नासतं. हा आकार शिकाऱ्यांमध्ये रुजवला अमेरिकन चाकू-कारागीर बॉब लव्हलेस यांनी. 1954 साली ते न्यूयॉर्कच्या ॲबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात रँडल या नावाजलेल्या कारागिराचा चाकू घ्यायला गेले, तर दुकानवाले नऊ महिने थांबा म्हणाले. गडी जहाजावर खलाशी होता. त्याने भंगारातल्या मोटारीच्या स्प्रिंगचा चाकू स्वतःच घडवला आणि पुढे त्याच दुकानात त्याचे चाकू विकायला लागले. (पात्याच्या पाठीवर पोटाची कातडी चिरायचा तो आकडा, गट हूक, मला पसंत नाही. त्याला धार लावताना गिऱ्हाईक शिव्या घालतं.)

भंगारावरून आठवलं. लव्हलेसना चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नाही. स्प्रिंगचं पोलाद नक्की कुठलं ते कळत नाही आणि जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असतात. शिकायला वापरा, विकायच्या चाकूला नको. माहितीतलं, 1084 नंबरचं पोलाद आणा. 1095 जास्त प्रसिद्ध आहे, पण त्याला थंड व्हायला पहिला सेकंदच काय तो मिळतो आणि साध्या कनोला तेलात ते दगा देतं. स्टेनलेसचा मोह तापमान नेमकं धरणारी भट्टी घेईपर्यंत आवरा.

चाकूचा जीव पाणी देण्यात, म्हणजे पातं तापवून एकदम थंड करण्यात आहे. गावाकडे विळ्याला ‘पाणी दिलं’ म्हणतात ते हेच, आपण फक्त तेल वापरतो. 1084 साठी तापमान 815 अंश सेल्सिअस. चुंबक 770 च्या सुमारास पकड सोडतं, म्हणजे तिथून अजून थोडं वर जायचं. डोळ्याने अंदाज घेणार असाल तर गॅरेजचा दरवाजा लावून घ्या, उन्हात लाल रंग फसवतो. आमच्या लोहाराचं दुकान इतकं अंधारं का असायचं ते मला पंचवीस वर्षांनी इथे कळलं. तेल साधारण 55 अंशांपर्यंत कोमट करा, पातं आत सरळ घाला, आडवं हलवू नका, वाकेल. मग लगेच टेम्परिंग, म्हणजे ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. टोस्टर ओव्हनच्या बटणावर विश्वास नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

मुठीच्या साहित्यावरून एक. ‘तू इंडियाचा ना, सांबरशिंग आणून दे’ असं कोणीतरी म्हणणारच. जुन्या इंग्लिश आणि जर्मन चाकूंना ते खरंच भारतातून जायचं. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याचा व्यापार गुन्हा आहे, जंगलात गळून पडलेल्या शिंगाचासुद्धा. सरळ नाही म्हणा आणि मिकार्टा (राळेत दाबून घट्ट केलेलं कापड) लावा. म्यानाला झाडपाल्याने कमावलेलं चामडं घ्या, कोल्हापुरीला वापरतात त्या जातीचं. क्रोमने कमावलेल्यात पातं गंजतं. दोन थरांच्या मध्ये शिवणीलगत चामड्याची एक पट्टी घाला, नाहीतर पहिल्याच सीझनला धार टाके कापून बाहेर येईल.

किंमत. माझं साहित्य 35 डॉलरच्या आसपास जातं, ग्राइंडरचे घासायचे बेल्ट धरून. बेल्ट लोक विसरतात. म्यानासकट नऊ-दहा तास लागतात. सुरुवातीला 90 ला विकले, म्हणजे ताशी सहा डॉलरही सुटले नाहीत. आता 240 लावतो. मित्र म्हणून कमी करायचं असेल तर पूर्ण फुकट द्या. अर्ध्या किमतीत दिलेला चाकू कॅम्पवर तुमचा भाव ठरवून येतो. विक्री सुरू कराल तेव्हा राज्याचा सेलर्स परमिट आणि वर्षाला 400 डॉलरच्या वर निव्वळ मिळकत गेली की 15.3 टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स, हे धरूनच आकडा मांडा.

आणि ॲडव्हान्स घेऊ नका. मी एका उन्हाळ्यात अकरा जणांकडून घेतला. सप्टेंबरात मुलीला ऐकू येईल इतक्या मोठ्याने ग्राइंडरवर ओरडत होतो. घाईत टेम्परिंगची एक फेरी उरकली आणि दोन चाकूंच्या धारेचे टवके उडाले. दोन्ही परत घेतले, पूर्ण पैसे दिले. आता चाकू तयार झाला की यादीतल्या पुढच्या माणसाला विचारतो, नको असेल तर त्याच्या पुढच्याला.

भारतात भाच्याला भेट पाठवायचा विचार असेल तर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या यादीत येतं, घरकामाचं किंवा शेतीचं अवजार नसेल तर.

बफिंग व्हीलबद्दल काही लिहिलं नाहीत, पण फोटोत मागे ते दिसतंय. या छंदातली सगळ्यात धोकादायक वस्तू ती आहे, ग्राइंडर नव्हे. धार कधीही चाकाच्या फिरण्यासमोर धरू नका, ते पातं हिसकावून तुमच्यावरच फेकतं. मास्क बारीक धूळ अडवणारा पी-100 चाच घ्या, कापडी नको.

शेवटी एक काम करा. ज्या पोलादी पट्टीतून पातं काढता तिचाच बोटभर तुकडा पाणी देऊन व्हाइसमध्ये धरून मोडा आणि मोडलेल्या जागेचा जवळून फोटो इथे टाका. कण मैद्यासारखे बारीक आणि राखाडी दिसले तर ठीक, जाड्या साखरेसारखे दिसले तर तुमची भट्टी जास्त तापतेय. पोलादाचं पुढचं बोलणं त्यानंतर करू.