मॉडेल कारच्या मेटॅलिक रंगासाठी नेलपॉलिश चालतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की टामिया या जपानी कंपनीचं १/२४ स्केलचं (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर३४ किट घेतलंय, त्याला मिडनाइट पर्पल टाइपचा रंग बदलणारा मेटॅलिक हवाय, तसा मॉडेल पेंट इथे सहज मिळत नाही, मग नेलपॉलिश चालेल का, प्लास्टिक वितळेल का आणि बाटलीतल्याच ब्रशने लावलं तर जमेल का.

चालतं, आणि तुम्हाला हवा तसल्या रंगासाठी तर मी आधी नेलपॉलिशच सुचवेन. प्लास्टिकला धोका आहे हेही खरंय पण तो टाळता येतो. बाटलीतला ब्रश मात्र बॉडीवर अजिबात नको, तिथे एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने बारीक फवारा मारणारं छोटं यंत्र वापरायचं, का ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे बाकीचं सगळं आपोआप कळत जाईल. साधं नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, आतला सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) उडाला की सुकणारा रंग. आपल्याकडे फर्निचरवाले आणि जुने गाडी पेंटर ज्याला ड्युको म्हणतात ना, त्याच घराण्यातलं. ड्युको हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपॉंट कंपनीच्या लॅकरचं नाव, १९२०च्या दशकात जनरल मोटर्सने ते गाड्यांवर वापरायला सुरुवात केली आणि गाडी रंगवायचं दिवसांचं काम तासांवर आलं. म्हणजे तुम्ही गाडीवर कॉस्मेटिक लावताय असं समजू नका, गाडीचाच रंग छोट्या बाटलीत मिळतोय असं समजा आणि गाडीच्या रंगासारखंच त्याला वागवा: खाली प्रायमर, मग बेस, मग रंगाचे पातळ हात, वर क्लिअर म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. ज्यांचं बिघडतं त्यांचं बहुतेक वेळा यातली एखादी पायरी गाळल्यामुळेच बिघडतं.

आता प्लास्टिकचं. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि नेलपॉलिशमध्ये इथाइल अॅसिटेट, ब्युटाइल अॅसिटेट असले सॉल्व्हंट असतात, ते पॉलिस्टायरीनला खातात. उघड्या प्लास्टिकवर ओला जाड थर बसला की पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या आणि तडे येतात, आणि ते रंग काढूनसुद्धा जात नाहीत, प्लास्टिकच बदललेलं असतं. म्हणून प्रायमर हवाच. मिस्टर सर्फेसर किंवा टामियाचा फाइन सरफेस प्रायमर चालेल पण हे प्रायमर स्वतःसुद्धा लॅकरच आहेत, त्यामुळे त्यांच्यावर ओलाचिंब रंग मारला तर सॉल्व्हंट त्यातून झिरपून खाली पोचतोच. प्रायमर पूर्ण सुकू द्या, निदान दोन दिवस, आणि वरचे पहिले दोन-तीन हात नुसते धुक्यासारखे उडवा, गाडी रंगलेली दिसलीच नाही पाहिजे असे. ते सुकले की मग जरा भरीव हात.

टेस्ट केल्याशिवाय बॉडीला हात लावू नका. परदेशी व्हिडिओत सगळे प्लास्टिकच्या चमच्यांवर टेस्ट करतात, आपल्याकडे ते चमचे २०२२ पासून बंदच झाले. त्यापेक्षा घरात पडलेली जुन्या सीडींची पारदर्शक कव्हरं घ्या, ती बहुतेक पॉलिस्टायरीनचीच असतात, सपाट असतात आणि फुकट असतात. त्यावर प्रायमर, काळा, नेलपॉलिश, क्लिअर असा अख्खा क्रम करून बघा म्हणजे रंगही कळेल आणि तडे जातात का तेही कळेल. किटच्या फ्रेमवर पण करता येतं पण ती गोल असते, रंग नीट कळत नाही. औषधाची मापाची टोपणं टेस्टला घेऊ नका, ती बहुतेक पॉलिप्रोपिलीनची असतात, त्यांना हे सॉल्व्हंट काही करत नाही त्यामुळे सगळं छान चाललंय असं वाटतं आणि बॉडीवर दगा होतो. रंग कालवायला मात्र तीच टोपणं उत्तम, किंवा काचेची छोटी बाटली.

बाटली निवडणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि इथे घाई करू नका. दुकानात जी बाटली सगळ्यात जास्त चमकते ती हमखास चुकीची असते. खऱ्या गाडीच्या मेटॅलिकमधले अॅल्युमिनियमचे कण साधारण १० ते ५० मायक्रॉनचे असतात. आता १/२४ला हिशोब करा, नेलपॉलिशमधला ५० मायक्रॉनचा कण त्या गाडीच्या मापात १.२ मिलिमीटर दिसणार, आणि चमकीवाल्या बाटलीतला ०.२ मिलिमीटरचा तुकडा म्हणजे जवळजवळ ५ मिलिमीटर, असली गाडी रस्त्यावर कुठे असते? म्हणून ग्लिटर, होलो फ्लेक, चमकी हे सगळं बाजूला ठेवा. शिमर, पर्ल, फ्रॉस्ट, मेटॅलिक, क्रोम असं लिहिलेल्या बाटल्या बघा, आणि लेबलवर फार विश्वास न ठेवता बाटली हातात घेऊन उजेडात तिरकी धरा. एकेक कण सुटा दिसला की ती परत ठेवा, रंग सलग वाहत्या धातूसारखा दिसला की ती आपली. पुण्यात असाल तर तुळशीबागेत यासाठी अर्धा दिवस घालवा, तिथे जेवढ्या छटा एका जागी बघायला मिळतात तेवढ्या कुठल्याच हॉबी दुकानात मिळणार नाहीत आणि विचारलं तर दुकानदार पांढऱ्या कागदावर एक रेघ मारूनही दाखवतात. जेल पॉलिश मात्र चुकूनही घेऊ नका, ते यूव्ही दिव्याखाली घट्ट होतं, आपोआप सुकत नाही. वॉटर बेस्ड पण नको, ते थिनरमध्ये फाटतं.

तुमच्या मिडनाइट पर्पलबद्दल. आधीच्या आर३३ स्कायलाइनचा जो मिडनाइट पर्पल होता तो साधा गडद जांभळा मेटॅलिक, तुम्हाला जो हवाय तो आर३४वर १९९९मध्ये आलेला मिडनाइट पर्पल टू किंवा २०००चा थ्री असणार, जो बघण्याच्या कोनाप्रमाणे जांभळा, निळा, हिरवट, मधेच तांबूस होतो. नेलपॉलिशमध्ये असल्या बाटल्यांना मल्टिक्रोम किंवा ड्युओक्रोम म्हणतात. त्यातल्या रंगद्रव्याच्या कणांवर अतिशय पातळ थर असतात, प्रकाश त्या थरांच्या वरून आणि खालून परत येताना एकमेकांत मिसळतो आणि कोन बदलला की दिसणारा रंग बदलतो. याचा आपल्या कामाशी संबंध असा की यातले बरेचसे कण अर्धपारदर्शक असतात, त्यांच्यातून आरपार गेलेला उजेड खालून परत आला तर रंगबदल धुऊन निघतो. म्हणून खाली काळा बेस, आणि तोही ग्लॉस काळा, मॅट नाही. काळा जितका गुळगुळीत तितके कण सपाट झोपतात आणि रंग जास्त फिरतो. राखाडी प्रायमरवर हीच बाटली मारली तर नुसती मळकट जांभळी दिसेल आणि तुम्ही बिचाऱ्या बाटलीला दोष द्याल.

पुढे कधी लाल कँडी टाइप करायची असेल, माझदाचा सोल रेड वगैरे, तर उलटं करायचं. तिथे खाली बारीक चंदेरी बेस आणि वर बिनचमकीचं पारदर्शक लाल नेलपॉलिश, ज्याला जेली म्हणतात. खऱ्या गाडीवरही तत्त्व हेच आहे, परावर्तन करणारा थर खाली आणि पारदर्शक लाल वर. पण यात प्रत्येक हाताने रंग गडद होत जातो, त्यामुळे सगळ्या बॉडीवर हात मोजून सारखे मारा, आणि बंपर-आरसे वेगळे रंगवत असाल तर त्याच वेळी त्याच मिश्रणाने मारा नाहीतर शेड जुळत नाही.

पातळ कशाने करायचं? शुद्ध अॅसिटोन नको, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरही नको. अॅसिटोन इतक्या पटकन उडतं की थेंब गाडीवर पोचेपर्यंत अर्धा सुकलेला असतो, फिनिश खरखरीत येतं, आणि प्लास्टिकलाही मारतं. रिमूव्हरमध्ये वर तेल आणि पाणीही असतं. मिस्टर लेव्हलिंग थिनर मिळालं तर सर्वात छान, त्यात हळू सुकवणारा रिटार्डर असतो त्यामुळे रंग नीट पसरतो. नाही मिळालं तर रंगाच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर चालतं, जरा बरं ब्रँडेड घ्या, सुट्टं डब्यातलं नको. टर्पेंटाइनमध्ये हे विरघळतच नाही, तिकडे जाऊच नका. प्रमाण म्हणाल तर एक भाग पॉलिशला दीड ते दोन भाग थिनर, मिश्रण दुधाइतकं पातळ झालं पाहिजे. आठ-नऊ मिलीच्या एका बाटलीत १/२४ची बॉडी आरामात होते, तरी शेड दुर्मिळ असेल तर दोन घेऊन ठेवा. ओतताना बाटलीतल्या स्टीलच्या छोट्या गोळ्या एअरब्रशच्या कपमध्ये पडू देऊ नका, आणि बारीक नायलॉनच्या जाळीतून गाळून घ्या, बाटलीच्या तोंडाशी सुकलेले पापुद्रे असतात ते नोझलमध्ये अडकतात.

एअरब्रशला नोझल ०.४ किंवा ०.५ मिलिमीटरचं असेल तर बरं, ०.३ने होतं पण मधेमधे अडतं. प्रेशर २० ते २५ पीएसआय. मधे थांबलात की कप हलवत राहा, कण तळाशी बसतात. एअरब्रशमधले सील साधे रबरी असतील तर थिनरने फुगतात, टेफ्लॉनचे आहेत का ते आधी बघून घ्या. महागडा सेट नसेल तर ते चार्जिंगवाले छोटे एअरब्रश ऑनलाइन मिळतात, त्यावरही काम होतं, फक्त मिश्रण अजून थोडं पातळ करा आणि हात जास्त द्या.

ब्रशचं म्हणाल तर, ब्रशने मेटॅलिक कण एका दिशेने ओढले जातात आणि रेघा दिसतात, शिवाय दुसरा हात मारताना पहिला विरघळून वर येतो. नखाएवढ्या जागेवर हे कळत नाही, बॉनेटवर लगेच कळतं. पण छोट्या भागांना तोच ब्रश झकास आहे: ब्रेक कॅलिपर, इंजिनचं कव्हर, एक्झॉस्टचं टोक, सीटबेल्टचं बक्कल. तिथे जरूर वापरा.

पावसाळ्यात, आणि मुंबई-कोकणात असाल तर विशेषच, एक गोष्ट होते. सॉल्व्हंट भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. पेंटर लोक याला ब्लशिंग म्हणतात. वरून रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला तर बऱ्याचदा ती निघून जाते, पण खरं म्हणजे धो-धो पावसाच्या दिवशी रंग मारायला घेऊच नका.

आणि हे सगळं करताना खिडकी उघडी, एक्झॉस्ट फॅन चालू, तोंडाला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क. कापडी मास्कने किंवा एन९५ने वाफ अडत नाही, ते फक्त कण अडवतात. खोलीत गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटलेलं नको, नायट्रोसेल्युलोज आणि थिनर दोन्ही भयंकर पेट घेतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर गच्चीवर जा, यात तडजोड नको.

रंगाचा हात बोटाला सुका लागला तरी आत सॉल्व्हंट अडकलेला असतो, निदान आठवडाभर बॉडी झाकून ठेवा. मेटॅलिक थर घासायचा नाही, अजिबात नाही, कण कापले जातात आणि तिथे वेगळाच डाग दिसतो. धूळ बसली असेल तरी क्लिअर मारून मग क्लिअरच घासा. क्लिअरसाठी टामियाचा टीएस-१३ स्प्रे चालतो, पहिले हात परत धुक्यासारखे, कारण तोही खालचा थर विरघळवू शकतो. नायट्रोसेल्युलोज उन्हाने पिवळं पडतं, तुमच्या गडद जांभळ्यावर ते कळणार नाही, पण पांढऱ्या पर्लवर किंवा चंदेरीवर काही वर्षांनी कळतं, तसली गाडी खिडकीजवळच्या शोकेसमध्ये नको. टूके क्लिअरचा (हार्डनर मिसळून कडक होणारं, गाड्यांवर मारतात ते क्लिअर) काचेसारखा ग्लॉस कशालाच येत नाही हे मान्य, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना फार वाईट, घरात मारू नका. ओळखीचा डेंटिंग-पेंटिंगवाला असेल तर त्याला छोट्या गनने, कमी प्रेशरवर, पहिला हात अगदी हलका मारायला सांगा, ते लोक खुशीने करून देतात. क्लिअर नीट कडक झालं की २००० आणि मग ३०००च्या वॉटर पेपरने ओलं घासून कंपाउंडने पॉलिश.

एवढ्या महागड्या किटवर सुरुवात करायला भीती वाटत असेल तर आधी एखादी हॉट व्हील्सची छोटी खेळण्यातली गाडी घ्या. तिची बॉडी बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची असते, तिला सॉल्व्हंट काही करत नाही. कंपनीचा रंग पेंट रिमूव्हरने काढा, धातू बारीक स्टील वूलने आणि मग ब्रासोने चकचकीत करा, साबणाने धुऊन सुकवा आणि वर पारदर्शक जेली नेलपॉलिशचे पातळ हात मारा. १९६८मध्ये हॉट व्हील्स पहिल्यांदा आल्या तेव्हाचे स्पेक्ट्राफ्लेम रंग असेच होते, पॉलिश केलेल्या धातूवर पारदर्शक लॅकर. १९७३मध्ये खर्च वाचवायला कंपनीने ते सोडून साधा एनॅमल आणला आणि आज त्या जुन्या रंगांच्या गाड्यांमागे जगभरचे कलेक्टर धावतात. हॉट व्हील्सच्या १/६४ मापाला चमकीचा प्रश्न आणखी मोठा होतो म्हणून तिथे कण नसलेलीच बाटली घ्या, चमक खालचा धातू देतो.

बाटली निवडताना अडलात तर उन्हात तिरका धरलेला फोटो इथे टाका, कण बारीक आहेत की नाही ते बघून सांगतो.