वाचन भरपूर आहे, पण शेतीवर लिहिताना नेमका शब्द का सुचत नाही?

शब्द सुटा टिपू नका. तो ज्यात भेटला ते अख्खं वाक्य वहीत उतरवा आणि त्याच आठवड्यात तो स्वतःच्या लिखाणात वापरा. नुसत्या वाचनाने शब्द ओळखीचा होतो, हाताशी येत नाही. दिवाळी अंकाची प्रुफं तपासताना हेच सारखं दिसतं. तुम्ही परभणीकडच्या शेतीवर लिहिताय, तर पावसाचंच घ्या. मे महिन्यात दुपारून गडगडत येतो तो वळीव, श्रावणात दोन-दोन दिवस उघडत नाही ती झड, अंगाला जेमतेम लागते ती भुरभुर. तिन्हींना ‘पाऊस पडला’ म्हटलं तर पीक तरारलं की पिवळं पडलं, वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. जमिनीचंही तेच: हलकी, नापीक ती बरड, मुरूम जास्त ती मुरमाड, क्षारांनी चिकट झालेली ती चोपण. त्यासाठी ग्रामीण कथांच्या जोडीला कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकाही वाचा (रुक्ष असतात, पण शब्द पक्के). अडलं तर दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहेच. १९३२ पासून निघालेल्या त्या खंडांत प्रांतिक शब्दही सापडतात. मात्र वाचक पुण्या-मुंबईचा असेल तर अशा शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यातून लागला पाहिजे, आणि एका परिच्छेदात असे एक-दोनच ठेवा.