वाचक विचारतात : जुन्या वीजघरातली यंत्रे

प्रश्न : दार्जिलिंगजवळचे सिद्रापोंग हे भारतातले पहिले जलविद्युत केंद्र. आता ते वारसा म्हणून ओळखले जाते. तिथल्या सुरुवातीच्या संचांची वीज आजच्या ग्रिडला जोडता आली असती का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : थेट नाही. १० नोव्हेंबर १८९७ रोजी हे केंद्र सुरू झाले ते प्रत्येकी ६५ किलोवॉटच्या दोन संचांवर. जनित्रे सिंगल फेज, २,३०० व्होल्ट, ८३.३ हर्ट्झची. आपले ग्रिड थ्री फेज, ५० हर्ट्झचे. ५० हर्ट्झ मिळवायला यंत्र ६० टक्के वेगाने फिरवावे लागेल. मग व्होल्टेजही १,३८० च्या आसपास उतरेल. कन्व्हर्टर (वारंवारता आणि फेज बदलणारे यंत्र) घालून जमेल, पण १३० किलोवॉटसाठी इतक्या जुन्या वाइंडिंगवर (तारेच्या गुंडाळीवर) रोजचा ताण टाकणे आम्हाला पटत नाही.

प्रश्न : आमच्या भागातल्या बंद वीजघरात असेच जुने जनित्र आहे. ते कसे सांभाळावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर्वांत जास्त नुकसान ओल करते. त्या काळचे इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचा विद्युतरोधक थर, सुती फीत, कागद आणि लाखेचे. ते दमट हवा शोषून घेते. म्हणून ‘एकदा चालवून बघू’ हा मोह आधी टाळा. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध मिनिटभर मोजा. २,३०० व्होल्टच्या यंत्राला किमान ३.३ मेगओहम हवेत. कमी भरले, तर ताडपत्रीखाली हीटर ठेवून सावकाश वाळवा. वरून वाफ जायला वाट ठेवा. तापमान ताशी पाचेक अंशांनी वाढवून ६०-७० वर थांबा. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन थर फुगतात. वाळवताना मेगरचा आकडा आधी खाली जातो, मग चढतो. तेव्हा घाबरून काम थांबवू नका.

रोटर (यंत्राचा फिरणारा भाग) एकाच जागी टेकून राहिला की बेअरिंगमधले तेल दबून निघून जाते आणि शाफ्टवर गंजाची रेघ उठते. त्यासाठी महिन्यातून एकदा ताजे तेल घालून रोटर हाताने सव्वा फेरा फिरवा, म्हणजे तो नव्या जागी टेकेल. कार्बन ब्रश स्लिप रिंगवरून (ज्या फिरत्या कड्यांना ते टेकतात त्यांवरून) उचलून ठेवा, नाहीतर खाली डाग पडतात. मुख्य व्हॉल्व्ह थोडा जरी गळत असला तरी टर्बाइनचे केसिंग सदा ओले राहते. खालचा निचरा उघडाच असू द्या.

पितळी नावपाटीला पॉलिश पेपर कधीही लावू नका. कारखान्याचा अनुक्रमांक आणि वेग त्यावरच कोरलेला असतो. तो घासला गेला की यंत्राची ओळख पटवणे फार कठीण होते.