वाचकांचे प्रश्न : समुपदेशकांच्या खोलीत नेमके काय होते?

गेल्या अंकात प्राथमिक शाळेतील समुपदेशनाविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील चार येथे घेतली आहेत. ती थोडी संक्षिप्त केली आहेत आणि उत्तरांतील उदाहरणांत कोणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. तो मुलांना ढकलतो, मारतो, अशा तक्रारी महिनाभर येत होत्या. आता वर्गशिक्षिकांनी दैनंदिनीत ‘समुपदेशकांना भेटावे’ असे लिहून पाठवले आहे. सासूबाई म्हणतात, आपल्या घरात कोणी वेडे नाही. यजमानांचे म्हणणे असे की चार गोष्टी समजावून सांगायला शाळेने पगारी माणूस कशाला ठेवावा? तिथे मुलाचे नेमके काय करतात? (एक आई, कल्याण)

उत्तर : तुमच्या यजमानांची शंका मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण समुपदेशन म्हणजे गोड आवाजात केलेला उपदेश, असा समज पुष्कळ शिक्षकांचाही असतो. सात वर्षांच्या मुलाला ‘मारू नये’ हे ठाऊक असते. विचारले तर तो ते तुम्हाला पाठ म्हणूनही दाखवील. तेव्हा समजावून सांगण्याने फारसे काही साधत नाही, आणि चांगला समुपदेशक कामाची सुरुवात मुलाशी बोलण्यापासून करतही नाही.

सुरुवात बहुधा वर्गाच्या मागच्या बाकावर बसून होते. मूल कुठे बसते, शेजारी कोण आहे, फळा दिसावा म्हणून ते मान वाकडी करते का, सूचना एकदा ऐकून कळते की दुसऱ्याचे पाहून करते, मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खाते, हे सारे पाहिले जाते. मग वर्गशिक्षिकांना एक साधी नोंद ठेवायला सांगितली जाते : मारामारी कोणत्या दिवशी, कितव्या तासाला, कोठे झाली आणि त्याच्या लगेच आधी काय घडले होते. ही नोंद दोन आठवडे ठेवली तरी पुष्कळदा असे काही दिसते की जे कोणाच्याच लक्षात आलेले नसते.

माझ्याकडे पाठवलेल्या दुसरीतील एका मुलाच्या नोंदीत सगळ्या मारामाऱ्या मंगळवारी आणि शुक्रवारी होत्या. इतर चार दिवशी कागद कोरा. त्या दोन दिवशी वर्गाला शारीरिक शिक्षणाचा तास असे, म्हणून मुले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून येत. या मुलाचे रोजचे काळे बूट चिकटपट्टीचे होते, पांढऱ्या बुटांना मात्र नाड्या होत्या, आणि त्याला नाडी बांधता येत नव्हती. मैदानावर नाडी सुटली की तो कोणाला तरी बांधून मागे, मग दोघे-तिघे त्याला ‘बाळ’ म्हणून चिडवत आणि तो हात उगारत असे. तक्रार अर्थातच हाताची येई, नाडीची येत नसे. आम्ही पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात नाडी ओवली आणि आठवडाभर रोज दहा मिनिटे गाठ मारण्याचा सराव केला. चिडवणाऱ्या मुलांशी वर्गशिक्षिका स्वतः बोलल्या. त्याच्या मनाचा ठाव घेण्याची वेळच आली नाही.

सगळीच प्रकरणे इतकी सोपी नसतात, हे खरे. घरातील भांडणे, नवे भावंड, आजोबांचे जाणे, शिकवणीत बसणारा मार, रात्री उशिरापर्यंत हातात असलेला मोबाईल, अशी कारणे असतील तर काम लांबते आणि तुम्हालाही बोलावले जाते. मुलाबरोबरच्या भेटी साधारण अर्ध्या तासाच्या असतात आणि त्यांत चित्रे, माती, बाहुल्या, ठोकळे, अपुरी गोष्ट पूर्ण करणे असे काहीतरी चालू असते. या वयाचे मूल समोरासमोर बसून प्रश्नांची उत्तरे देत नाही, हात कामात गुंतले की बोलते. तुम्हाला विचारले जाणारे प्रश्न कदाचित चमत्कारिक वाटतील : झोपतो किती वाजता, सकाळी डबा कोण भरते, शाळेत कोणत्या रिक्षाने जातो. त्यांचा राग मानू नका. भेटीला जाण्यापूर्वी डोळे आणि कान तपासून घेतलेत, तर उत्तमच.

सासूबाईंना एवढेच सांगा की समुपदेशक औषध देत नाहीत आणि निदानही करत नाहीत. तशी गरज वाटली तर बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवतात, आणि तो निर्णय तुमचा असतो. मुलाला मात्र ‘तू मारतोस म्हणून तुला तिकडे नेणार’ असे सांगून पाठवू नका. ‘शाळेत तुला कशाचा त्रास होतो ते शोधायला एक बाई मदत करणार आहेत’ हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. आमच्या गावातील बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात. या वर्षी तिसरीतील एका मुलीला आजीजवळ ठेवून आईवडील गेले. दिवाळीनंतर ती वर्गात बोलेनाशी झाली आहे, लिहिते मात्र व्यवस्थित. आमच्याकडे समुपदेशक कुठून येणार? (एक शिक्षिका, बीड जिल्हा)

उत्तर : तुमच्या प्रश्नातील शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देते. 2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे म्हटले आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संपर्कव्यवस्था उभी करावयाची आहे. तुमची शाळा दुसऱ्या प्रकारात मोडत असणार. ही व्यवस्था तुम्ही एकटीने उभी करावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, म्हणून केंद्रप्रमुखांकडे लेखी मागणी करा आणि तिची पोच जपून ठेवा. तोवर गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळातपासणीला येणारे वैद्यकीय पथक, या दोन वाटा तुम्हाला मोकळ्या आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर शिक्षकालाही सल्ला विचारता येतो. तेथे मराठीत बोलता येते.

आता मुलीविषयी. ती आजीशी घरी बोलते का, हे सर्वांत आधी जाणून घ्या. घरी पूर्वीसारखी बोलत असेल आणि शाळेतच गप्प होत असेल, तर ते वेगळे आहे. दोन्हीकडे गप्प असेल, जेवण कमी झाले असेल, रात्री दचकून उठत असेल, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात दाखवण्यास उशीर करू नका. या काळात आणखी काही वाईट घडलेले नाही ना, ही शक्यताही मनात असू द्या. आईवडील दूर असलेली मुलगी अधिक असुरक्षित असते.

समुपदेशक असता तर त्याने जे केले असते, त्यातील बरेचसे तुम्ही करू शकता. ‘बोल ना, काय झाले?’ असे चारचौघांत विचारणे आजपासून बंद करा, आणि इतर मुलांनाही ‘ती बोलत नाही, बाई’ असे तिच्या वतीने सांगू देऊ नका. तिला बोलावे न लागणारे एखादे मानाचे काम द्या : हजेरीपट आणणे, फळ्यावर रोज तारीख लिहिणे. वाचन घ्यायचे असेल तर आधी ती आणि एक मैत्रीण अशा दोघींना एकत्र वाचू द्या. आईवडिलांचा फोन आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येईल असे पाहा. नेमका वार ठाऊक असण्याने जो धीर येतो तो अवचित आलेल्या चार फोनांनी येत नाही. एका शिक्षिकेने अशाच मुलीला कारखान्याचा पट्टा पडेपर्यंतचे, म्हणजे ऊसगाळपाचा हंगाम संपेपर्यंतचे, आठवडे चौकोन करून वहीत आखून दिले होते आणि मुलगी दर सोमवारी एक चौकोन रंगवत असे. पट्टा पडण्याची तारीख पुढेमागे होते, म्हणून त्यांनी शेवटी दोन चौकोन मुद्दाम जास्त ठेवले होते. मला ही युक्ती फार आवडली.

प्रश्न : समुपदेशिकेने माझ्या मुलीशी तीन वेळा बोलणे केले. ‘ती काय म्हणाली?’ असे विचारल्यावर त्यांनी ‘सगळे सांगता येणार नाही’ असे उत्तर दिले. मुलगी नऊ वर्षांची आहे. आईपासून लपवण्यासारखे काय असते? (एक पालक, ठाणे)

उत्तर : तुमचा राग मी समजू शकते, पण त्या समुपदेशिकेने योग्यच केले. मुलीने ‘आई सारखी फोनवर असते’ किंवा ‘सगळ्यांना माझ्यापेक्षा दादाच जास्त आवडतो’ असे म्हटले असेल, आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात तिला त्याचा जाब विचारला गेला, तर ती चौथ्या भेटीत तोंड उघडणार नाही. त्या खोलीबाहेरही उघडणार नाही, ही त्याहून वाईट गोष्ट. तरीही तुम्हाला काहीच न सांगणे हेही बरोबर नाही. शब्द न सांगता आशय सांगता येतो : तिला घरी तुमचा वेळ हवा आहे, भावाशी होणारी तुलना तिला लागते, गणिताच्या तासाची तिला भीती वाटते. एवढे तुम्ही हक्काने विचारा. भेटी किती होणार, कशासाठी होणार आणि नोंदी कोण पाहू शकते, हेही विचारा. त्या नोंदी शिक्षकखोलीत चर्चेला येत असतील तर मात्र तक्रार करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

या गुप्ततेला मर्यादा आहे आणि ती मुलाला पहिल्याच भेटीत त्याच्या भाषेत सांगावी लागते. कोणी मुलाला इजा करत असेल, मूल स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल, तर ते गुपित राहत नाही. लैंगिक अत्याचाराबाबत तर समुपदेशकाला निवडच नसते. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. ‘आधी शाळेपुरती चौकशी करू, नाव खराब होईल’ असे म्हणणाऱ्या संस्थाचालकांनाही हे कलम लागू होते. मुलीला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावणे, हेही समुपदेशकाचे काम नव्हे. जेवढे तिने सांगितले तेवढे तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि कळवावे.

प्रश्न : मी एका खाजगी प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. आमच्या समुपदेशिका रिकाम्या तासाला वर्गावर जाण्यास नकार देतात, आणि दंगा करणाऱ्या मुलांना त्यांच्या खोलीत बसवले तर परत पाठवतात. मग त्यांनी दिवसभर करायचे काय? (एक मुख्याध्यापक, पुणे)

उत्तर : दंगा केला म्हणून मूल ज्या खोलीत बसवले जाते, त्या खोलीत ते उद्या आपले दुःख सांगायला येईल का, एवढा विचार करा. परत पाठवण्यात त्यांचे काही चुकले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे तुम्ही जाणताच. समुपदेशकाच्या खोलीचा धाक हा त्या रेषेच्या फार जवळ जातो.

रिकाम्या तासाबद्दल मी थोडी तुमच्या बाजूने आहे. बदली शिक्षक म्हणून त्यांना वर्गावर पाठवू नका, पण प्रत्येक वर्गाला पंधरा दिवसांतून एक तास त्यांच्या नावाने वेळापत्रकात द्या. राग आला तर काय करावे, चिडवणे आणि थट्टा यांत फरक काय, नकोसा स्पर्श झाला तर कोणाला सांगावे, हे त्या तासाला घेतले जाते. त्या निमित्ताने सगळी मुले त्यांना ओळखू लागतात, आणि त्या खोलीत जाणारे मूल ‘तसले’ ठरत नाही. पहिलीच्या प्रवेशानंतरचे पहिले सहा आठवडे त्यांना शक्यतो पहिलीच्या वर्गांजवळच राहू द्या. सकाळी फाटकापाशी पोट दुखणारी मुले तेथेच सापडतात. शिक्षकांसाठी आठवड्यातून एक तास त्यांचे दार उघडे ठेवा, कारण साठ मुलांच्या वर्गात त्रासलेल्या बाईंना मदत झाली की त्याचा लाभ साठांनाही होतो.

आणि त्यांची खोली कार्यालयाशेजारी असेल तर ती हलवा. पालक शुल्क भरायला उभे असताना त्यांच्यासमोरून कोणतेही मूल त्या दारातून आत जाणार नाही. ग्रंथालयाच्या बाजूची, अगदी लहान खोलीही चालेल.