शारजाची नोकरी धरावी का? खानापूरच्या मित्राला उत्तर

भावा, बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तू बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी सेटर (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन कामाला लावून देणारा), ओव्हरटाइम धरून महिना २८ हजार. शारजाच्या एका मशीन शॉपची ४,५०० दिरहमची ऑफर हातात आहे, राहायला कंपनीची खोली. घरी आई, बायको, लहान मुलगी, धाकटा भाऊ आणि आप्पा, म्हणजे तुझे वडील. आप्पांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बेळगावला न्यायचं काम आतापर्यंत तूच शिफ्ट बदलून करतोस. "दादा, जाऊ काय?" असं विचारलंयस.

आधी पैशाचं बोलू, ते सोपं आहे. दिरहम २४ रुपये धरला तर ४,५०० चे एक लाख आठ हजार होतात. जेवणखाण, फोन, सटरफटर आणि सुट्टीला येताना न्यायच्या सामानाची तजवीज यात हजार-बाराशे दिरहम जातातच. म्हणजे घरी ८० हजारांच्या आसपास पोचतील. उद्यमबागेत एवढे मिळायला किती वर्षं लागतील ते तुला माहीत आहे.

पण ४,५०० हा आकडा बघून हुरळू नकोस, त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती ते बघ. बेसिक कमी दाखवायचं आणि बाकी सगळं अलाउन्समध्ये टाकायचं ही युएईतली (शारजा-दुबई ज्या देशात आहेत तिथली) नेहमीची रीत, मी इथे राहून बघतोय. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर ठरते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढे ३० दिवसांचं. बेसिक ३,००० असेल तर वर्षाचे २,१०० दिरहम होतात, २,००० असेल तर १,४००. ओव्हरटाइमही बेसिकवरच, २५ टक्के वर. सेटरला ओव्हरटाइम भरपूर पडतो, तेव्हा हा फरक तुला दर महिन्याला जाणवेल. इंटरव्ह्यू घेणारा गोड बोलला म्हणून विचारायला लाजू नकोस.

एजंटने व्हिसाचे म्हणून पैसे मागितले तर तिथूनच परत फिर. युएईच्या कायद्यात कामगाराला आणायचा खर्च मालकाचा. आपल्याकडे नोंदणी असलेल्या एजंटला सेवा फी घेता येते, पण कमाल ३० हजार आणि वर जीएसटी. नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर दिसतं. "आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलू" म्हणणाऱ्याच्या ऑफिसात चहासुद्धा घेऊ नकोस.

कागदांचं आपल्या सीमाभागातल्यांचं एक वेगळंच लचांड असतं. डिप्लोमा ज्या राज्याचा, अटेस्टेशन (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) त्या राज्यातून. तू गडहिंग्लज-कोल्हापूरकडे शिकला असशील तर कागद महाराष्ट्राच्या वाटेने जाणार, बेळगावात शिकला असशील तर बेंगळुरूच्या. लग्नाच्या दाखल्याचंही तेच. वैनी चंदगडच्या आणि नोंदणी तिकडे झालेली, तर एकाच घरातले दोन कागद दोन राज्यांत फिरतात. त्यानंतर दिल्लीचं परराष्ट्र खातं, मग युएईचा दूतावास. मार्कशीट, पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघ. कन्नडवरून इंग्रजीत उतरवताना कारकुनाने काय लिहिलंय याचा भरवसा नसतो.

बँकेचं एका दमात सांगतो. गेल्यावर सध्याचं बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं भारतातल्या पैशाचं खातं) करायचं, पगार पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) उघडायचं. आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ च्या आत राहिले तर युएईतल्या पगारावर भारतात कर लागत नाही, म्हणून जायचंच तर २८ सप्टेंबरच्या आत नीघ.

आता घराचं. कायद्याने ४,००० दिरहम पगारावर बायको-मुलीला आणता येतं. पण कंपनीची खोली चौघांची असते, आणि स्वतःचं घर भाड्याने घेऊन मुलीला शाळेत घालायचं तर ४,५०० पुरत नाहीत. तेव्हा पहिली काही वर्षं तू एकटा राहणार असं धरूनच चल. "बघू, नंतर नेतो" असं वैनींना सांगून जाऊ नकोस.

फोनचं आधीच सांगून ठेव. युएईत व्हॉट्सअॅपचा मेसेज जातो, कॉल लागत नाही. त्यासाठी बोटिम नावाचं अॅप घ्यावं लागतं, तेही घरच्या फोनवर टाकून, आईला शिकवून. वेळेत फरक दीडच तासाचा, पण तू डबा खाऊन मोकळा होशील तेव्हा मुलगी झोपलेली असेल.

माझ्या मते तुझा सगळा प्रश्न आप्पांच्या गाडीवर अडतो. तू गेलास की मंगळवार-शुक्रवार ती गाडी कोण चालवणार? धाकटा. त्याचं काम, त्याची शेतं, आणि वर दोन दिवस दवाखाना. पहिले सहा महिने तो हौसेने करेल. मग तू सुट्टीला येशील, गावात "दुबईवाला आला" होईल, गणपतीच्या वर्गणीची पावती तिप्पट फाडतील (शारजा म्हणून सांगितलंस तरी दुबईच), आणि धाकटा मागे उभा राहून बघेल. आमच्या भागात कितीतरी घरं इथेच फुटलेली मी बघितलीत. एकाचा पैसा दिसतो, दुसऱ्याचे दिवस कुणी मोजत नाही. पुढे जमिनीच्या उताऱ्यावर नावं चढवायची वेळ येते तेव्हा ते सगळं बाहेर पडतं.

म्हणून जायच्या आधी आईसमोर बसून धाकट्याशी रोखठोक बोल. महिन्याला ठराविक रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यात, घरखर्चातून वेगळी, डिझेल-दवाखाना वेगळा. "भावाला कसले पैसे?" असं आई म्हणेलच. तरी ठरव. आणि तो तोंडदेखलं "जा की" म्हणाला तर थांब, आठ दिवसांनी पुन्हा विचार. त्याने मनापासून होकार दिला नाही तर मी तुझ्या जागी असतो तर ही ऑफर सोडली असती, पगार ६,००० असता तरी. सीएनसीच्या हाताला पुन्हा बोलावणं येतं.

दुसरं, ऐकायला कठीण आहे. डायलिसिसवरच्या माणसाचं कधी काय होईल सांगता येत नाही. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळाला, आखातातून थेट विमान नाही. गोव्यात उतरायचं आणि चोर्ला घाटातून वर यायचं, पावसात तोही भरवशाचा नाही. माझ्या खोलीतला निपाणीकडचा एकजण वडिलांच्या मातीला पोचला नाही. सुपरवायझरने रजा लगेच दिली होती, तिकीटही मिळालं, पण गावाला तेवढं थांबता आलं नाही. त्याने सगळं फोनवर बघितलं, बूट घालूनच, कारण तो विमानतळावर होता. हे तुझ्याबाबतीत होऊ शकतं, आणि ते आप्पांशी तू स्वतः बोलायला हवंस. ते म्हातारे आहेत, अडाणी नाहीत. बहुतेक तेच तुला "जा" म्हणतील.

जायचं ठरलंच तर कशासाठी जातोस ते रुपयांत लिही: कर्ज किती, घराचा स्लॅब किती, मुलीच्या नावावर किती. ते जमलं की परत यायचं की पुढे राहायचं हा वेगळा निर्णय, तो तेव्हा वैनींना विचारून घे.

ऑफर लेटरचा फोटो पाठव, नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून. बेसिक, रजा आणि तिकिटाचं कलम बघून कळवतो.